सांजेपर्यंतची उधारी

जप्तीला आलेल्या माणसालाच कीव यावी, अशी काही घरं असतात. अकोल्याच्या अकोट फैलातलं नियाजचं घर त्यांतलं एक. कोर्टाचे बेलीफ किसनराव तिथं पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी कागद काढला, चष्मा लावला, घरभर नजर फिरवली आणि कागद पुन्हा पिशवीत घातला. एक पलंग, चार भांडी आणि नियाजच्या धंद्याची हत्यारं, म्हणजे सुया, दोऱ्याची रिळं, जरीच्या लडी आणि एक कात्री. स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत, कारागिराची हत्यारं करता येत नाहीत, आणि पलंगाला धड पाय तीनच होते. किसनरावांनी नियाजच्या बायकोच्या, सईदाच्या, हातचा चहा घेतला, 'जप्तीयोग्य माल आढळला नाही' असं लिहिलं आणि उठता उठता म्हणाले, "भाऊ, आज मी वापस चाललो म्हणून कर्ज मेलं असं समजू नको. उद्या तुह्या हाती काई आलं, का हा हुकूमनामा झोपेतून उठते."

नियाजच्या हाती काही येईल असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, खुद्द नियाजला तर मुळीच नाही. त्यानं मान डोलावली आणि कोर्टाचं पाकीट न उघडता पेटीच्या तळाशी टाकलं. पुढं आलेली पाकिटंही तिथंच गेली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण झाकायला पेटी चांगली खोल होती.

नियाज मूळचा अमरावतीचा, सेहरेवाला. नवरदेवाच्या चेहऱ्यावर सोडायचे फुलांचे सेहरे, दर्ग्यावर चढवायच्या फुलांच्या चादरी, मांडवाच्या कमानी, हे त्याचं काम. ते तो शिकला निखतफुफीकडं. ही त्याच्या वडिलांची बहीण. तिचे मियाँ लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या एका खोलीएवढ्या स्वतःच्या दुकानात तिनं चाळीस वर्षं सेहरे गुंफले; सगळा बाजार तिला आपा म्हणायचा. गुलाब, शेवंती, निशिगंध तिला पुरवायचा मोर्शी रोडवरचा देवीदास माळी. देवीदास नियाजहून पाचसहा वर्षांनी मोठा. पोरवयात नियाज त्याच्या मळ्यात फुलं तोडायला जायचा आणि तोडण्यापेक्षा पेरू जास्त खायचा.

लग्नानंतर नियाजनं अकोल्यात वेगळा धंदा मांडला आणि फुलं देवीदासकडूनच उधार उचलू लागला. फुलांचा सगळा बाजार असाच चालतो. सकाळी माल उचलायचा, दिवसभर विकायचा, सांजेला पैसे नेऊन द्यायचे. मोठं काम असलं तर चार दिवस पुढं. असंच एक मोठं काम धामणगाव रेल्वे या गावी मिळालं. गाडीभर झेंडू, दोन कमानी, गुलाबाचा आख्खा मंडप. नवरानवरी सोडून सगळं सजलं होतं, कारण लग्न त्याच दिवशी मोडलं. पोरीचा बाप म्हणाला, लग्न नाही तर पैसे कसले? फुलं दुपारपर्यंत मांडवातच सुकली, आणि देवीदासचे ब्याण्णव हजार नियाजच्या अंगावर बसले.

आता खरं सांगायचं तर नियाज लबाड नव्हता. लबाड माणूस निदान चांगली थाप मारतो. नियाजनं काय केलं, तर फोन उचलणं बंद केलं. नोटीस आली ती घेतली. पहिल्या तारखेला गेला नाही. दुसऱ्या तारखेला त्याला ताप आला. तिसऱ्या तारखेला कोर्टानं त्याची वाट पाहणं सोडलं आणि चार फेब्रुवारीला एकतर्फी निकाल दिला. ब्याण्णव हजार, वर व्याज, वर कोर्टाचा खर्च.

त्या दिवसापासून अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कुणा माळ्यानं नियाजला झेंडूचं एक फूल उधार दिलं नाही. भांडण कुणीच केलं नाही. नुसतं म्हणायचे, "रोख हाय का, भाऊ?" ज्याला सकाळीच रोख मोजायला लावतात, तो माणूस बाजारानं माणसांतून काढलेला असतो. नियाजचा धंदा बसला. तो दुसऱ्यांच्या दुकानांत नगावर सेहरे गुंफू लागला, आणि फुफीला भेटायला अमरावतीला गेलाच तर फूलबाजाराची गल्ली टाळून मागच्या बोळातनं जाऊ लागला. मोठा बाप्या माणूस, पण बोळात शिरताना मान खाली घालायचा. अशी जवळजवळ बारा वर्षं गेली.

शेवटची दोन वर्षं त्याची मुलगी अलीझा फुफीकडंच राहत होती. बी.कॉम. करायला म्हणून गेली आणि सेहरे करायला बसली. हात असा की बापाला लाज वाटावी. फुफी आजारी पडली तेव्हा दवाखान्यातच तिनं आपल्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढून अलीझाच्या हातात चढवल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, "गवाह रहना, ये मैंने इसको दे दिए." पुढं अडीच महिन्यांनी, बारा जानेवारीला, फुफी गेली.

जनाजा मोठा होता. चाळीस वर्षांत तिनं ज्यांचे सेहरे गुंफले ते सगळे आता पोट सुटलेले बाप झालेले, झाडून आले होते. नमाजेआधी घरातल्या माणसानं पुढं होऊन एक गोष्ट बोलायची असते. मरणाऱ्याच्या डोक्यावर कुणाचं देणं राहू नये म्हणून. वारस नियाज एकटाच, तेव्हा बोलायचं त्यालाच होतं. तो पुढं झाला, खाकरला आणि म्हणाला, "मरहूमा पर किसी का लेन-देन बाकी हो, तो मुझसे ले ले, या अल्लाह के वास्ते माफ कर दे."

'मुझसे ले ले' म्हणताना त्यानं नजर वर उचलली, आणि समोर, रांगांच्या बाहेर कडुनिंबाखाली, गुलाबपाकळ्यांची टोपली घेऊन देवीदास उभा. बारा वर्षांत पिकला होता. त्यानं नियाजकडं पाहिलं. रागानं नव्हे, तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग शांतपणे म्हणाला, "आपाकडं माहं काई नाई." कुणीतरी म्हातारा खोकला. नियाजच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. कबरीवर टाकायला पाकळ्या देवीदासनंच सगळ्यांच्या ओंजळीत दिल्या, नियाजच्याही दिल्या, आणि पैसे न घेता निघून गेला.

तिसऱ्या दिवशी जरीवाला आला. फुफीकडं त्याचे तीनशे चाळीस रुपये होते. नियाजनं ते तिथल्या तिथं दिले आणि त्याला असं हलकं वाटलं, की क्षणभर आपणही सज्जनच आहोत असा त्याचा समज झाला.

तो समज मोडायला त्याचा मेव्हणा फुरकान अकोल्याहून आला. फुरकान कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो, आणि न्यायाधीशापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्याचं प्रामाणिक मत आहे. त्या घरात उर्दू आणि वऱ्हाडी एकाच ताटात जेवतात, त्यामुळे तो बसल्या बसल्या दोन्हींत सुरू झाला.

"दुल्हेभाई, फुफीचं दुकान तुमचं झालं. मुबारक हो. आता अर्ध्या अमरावतीले हे समजलं, त देवीदासलेबी समजलं. पण ऐका. हुकूमनाम्याले बारा वर्साची मुदत असते. निकाल कधी लागला होता? चार फेब्रुवारी. आज किती? पंधरा जानेवारी. वीस दिवस! वीस दिवस दुकानाच्या कागदाले हात लावू नका, वारस नोंद करू नका, कोनाशी बोलू नका. पाच तारखेले उठा अन् दुकान उघडा. हुकूमनाम्याची हवा गेली. खतम!"

सईदाला हे पटलं. तिला अकोल्यातलं भाड्याचं घर, तीन पायांचा पलंग आणि बारा वर्षांची भीती या तिन्हींतून एकदम सुटायचं होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. नियाजलाही पटलं. फक्त पटल्यावर झोप यायला हवी होती, ती येईना.

म्हणून तो अलीझाला घेऊन एका वकीलबाईंकडं गेला. रागिणीताईंचं ऑफिस कोर्टाजवळच होतं. सोबत पेटीच्या तळाची पाकिटं होती, एकही न फोडलेलं. ताईंनी ती एकेक फोडली आणि प्रत्येक वेळी चष्म्यावरून नियाजकडं पाहिलं.

"हे तुम्ही कधीच वाचलं नाही?"

"हिंमत नाई झाली."

"किती देणं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"चार लाख त असतीन," नियाज हळूच म्हणाला.

ताईंनी कागदावर आकडेमोड केली. व्याज, खर्च सगळं धरून एक लाख चौसष्ट हजार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. बारा वर्षं नियाज ज्या राक्षसाला भीत होता, तो निम्म्याहून लहान निघाला. पण नियाजच्या खिशात तेवढेही नव्हते. फुफीच्या बँकेतले पंचेचाळीस हजार तेवढे त्याच्या नावे यायचे होते.

"आता नीट ऐका," ताई म्हणाल्या. "फुफीचं दुकान तुमचं झालं, म्हणजे देवीदासला त्यावर जप्ती आणता येते. चार तारखेपर्यंत वसुलीची दरखास्त टाकली तर दुकानाचा लिलावसुद्धा होऊ शकतो."

"अन् मी ते पोरीच्या नावावर करून टाकलं त?"

"देणं चुकवायला केलेलं बक्षीसपत्र कोर्ट मोडून काढतं. तो नाद सोडा."

"अन् या?" अलीझानं हात पुढं केले. बांगड्या वाजल्या.

"या फुफीनं जिवंतपणी, साक्षीदारासमोर, तुझ्या हातात घातल्या. या तुझ्या. बाबांच्या देण्यासाठी यांना कुणी हात लावू शकत नाही."

"अन् चार तारखेनंतर?" नियाजनं विचारलं.

"चार तारखेनंतर कोर्ट तुम्हाला काही विचारणार नाही." ताईंनी कागद त्याच्यापुढं सरकवले. "बाकी कोण विचारेल ते मला सांगता येत नाही."

नियाजनं फुरकानचंच ऐकायचं ठरवलं. माणूस भित्रा असला की त्याला सल्ले नेहमी सोपे पटतात. पण अलीझाला तोवर दम नव्हता. रमजानच्या आधीचा लग्नांचा हंगाम, फुफीनं घेऊन ठेवलेल्या सेहऱ्यांच्या ऑर्डरी, आणि दुकान बंद. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती एका सकाळी टोपली घेऊन फूलबाजारात गेली आणि रिकामी परत आली.

"काय झालं, बेटा?"

"कुणी काही वाईट बोललं नाही, अब्बा." ती पायरीवर बसली. "गोपालचाचा म्हणाले, पोरी, आमी आपाले देत होतो. आता दुकान कोनाचं हाय? मी म्हणाले, अब्बांचं. त ते म्हणाले, रोख हाय का?"

नियाजनं तिच्या हातातली रिकामी टोपली घेऊन बाजूला ठेवली.

"अब्बा, चार तारखेनंतर भिंती आपल्या होतील. शटर आपलं होईल. फुलं कुठून आणायची? कागदाची लावायची का?"

हे मात्र नियाजच्या काळजात घुसलं. त्याला एवढे दिवस वाटत होतं की प्रश्न दुकान वाचवण्याचा आहे. फुफीनं त्याच्यासाठी चार भिंती ठेवल्या होत्या हे खरं, पण दुकान म्हणजे रोज सकाळी पन्नास माळ्यांनी विश्वासानं भरून दिलेली टोपली, आणि ती वारशात मिळत नाही. चार तारीख उलटून गेली की देणं कोर्टातून पुसलं जाणार होतं आणि बाजारात कायमचं लिहिलं जाणार होतं. मग अलीझासुद्धा जन्मभर मागच्या बोळातनंच दुकानात जाणार. ते त्याला सहन होईना.

"बेटा," तो म्हणाला, "जुम्म्याच्या नमाजीनंतर तयार राह्य. मळ्यात जाऊ."

शुक्रवारी दुपारी बापलेक मोर्शी रोडला रिक्षानं उतरून बांधाबांधानं आत गेले. हवेत गारवा होता, शेवंती ऐन भरात होती, आणि नियाज मात्र पाठ केलेलं पुटपुटत चालला होता. देवीदास एका कडेला फुलं तोडत होता. त्याची बायको माणिकबाई दुसऱ्या कडेला, त्याच्याकडं पाठ करून, गुलाब निवडत होती. दोघांत आख्खा मळा होता.

नियाज दोघांच्या बरोबर मधे जाऊन उभा राहिला. सलाम नाही, नमस्कार नाही, पाठ केलेलं विसरायच्या आत त्यानं खिशातला कागद काढून पुढं धरला. "देवीदासभाऊ, हा तुमचा हुकूमनामा. नक्कल काढून आणली. मंगळवारी याची मुदत सरते. त्याच्या आंधी कोर्टात दरखास्त टाका. फुफीचं दुकान माह्या नावावर येऊन राह्यलं, त्याच्यावर जप्ती येते. वकीलबाईनं सांगतलं."

देवीदासनं कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. "अबे," तो म्हणाला, "कर्जदारच हुकूमनामा घरपोच आणते, हे म्या पह्यल्यांदा पाह्यलं."

तिकडून माणिकबाई ताडकन उठली. पण ती नवऱ्याशी नाही, नियाजशीच बोलू लागली. "त्यायले सांग, मी पंधरा दिवसांपासून हेच बोंबलून राह्यली! मंगळवार शेवटचा, मंगळवार शेवटचा. मी कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडून राह्यली. अन् हे सही कराले तयार नाईत!"

"तिले सांग," देवीदास नियाजलाच म्हणाला, "आपानं तीस वर्सांत सांजेचा वायदा एक दिवस चुकवला नाई. तिच्या दुकानाले मी कुलूप लावाले नेणार नाई."

"त्यायले सांग, दुकान आता आपाचं नाई, याचं हाय! याचं, फोन न उचलणाऱ्याचं!"

"तिले सांग, मले समजते."

"काय समजते? त्या सालचं मोटरपंपाचं कर्ज मी माहं मंगळसूत्र गहाण ठेवून फेडलं, हे समजते का त्यायले?"

हे नियाजला माहीत नव्हतं. देवीदासचे ब्याण्णव हजार बुडाले म्हणजे कुणाच्या गळ्यातून काय उतरलं, हे त्यानं बारा वर्षांत स्वतःला विचारलंच नव्हतं. तो मटकन बांधावर बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "तेव्हा पैसे नव्हते, हे खरं. पण मी तोंड लपवलं ते पैशापायी नाई. लाजेपायी. आज देतो, उद्या देतो म्हणता म्हणता लाज एवढी मोठी झाली का तिच्याखालून निंघता नाई आलं. मले माफ करा का नका करू. पण दरखास्त टाका."

माणिकबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. कंबरेवर हात. "अरे बापा, बारा वर्सांत एक डाव यायचं होतं. अथी, या बांधावर. म्हणायचं होतं, वहिनी, नाईत पैसे. शिव्या देल्ल्या असत्या म्या, पोटभर देल्ल्या असत्या, अन् मंग चहा पाजला असता. मले कोर्टात कोनं धाडलं? तुह्या त्या फोननं धाडलं. घंटी वाजते, वाजते, अन् कोनी नाई."

नियाज रडू लागला. चौपन्न वर्षांचा माणूस, शेवंतीच्या बांधावर बसून, टोपीनं डोळे पुसत.

तेवढ्यात अलीझा पुढं झाली. तिनं बांगड्या काढल्या आणि माणिकबाईच्या ओंजळीत ठेवल्या.

"ह्या माझ्या आहेत, काकू. कोर्टालाबी घेता येत नाहीत. पण ह्या घालून दुकानात बसले, तर सारा बाजार म्हणेल, बघा, आमच्या फुलांच्या पैशाच्या बांगड्या. बँकेतले पंचेचाळीस हजार आहेत. बाकीचं यांतून घ्या."

माणिकबाईनं बांगड्या हातात तोलल्या. बाई हिशेबाची पक्की. तिनं मनातल्या मनात सोन्याचा भाव लावला, मुद्दल मांडलं, कोर्टाचा खर्च मांडला, आणि व्याजापाशी येऊन थांबली.

"माणिक," देवीदास म्हणाला, "व्याज राहू दे."

पंधरा दिवसांनी तो थेट तिच्याशी बोलला होता, आणि तेही नाव घेऊन. माणिकबाईनं तोंड फिरवलं, पण पदर डोळ्यांकडं गेलेला अलीझानं पाहिला. मग तिनं एक बांगडी ठेवून घेतली आणि दुसरी पोरीच्या हातात परत चढवली, जरा जोरातच.

"मुद्दल अन् खर्च. बँकेतले अन् ही एक, याच्यात बसते. व्याज तुह्या बापाचं रडणं पाहून सोडलं. अन् सोन्याचा एक हात तरी राहू दे, नाई त आपा मले सपनात येऊन भांडीन." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "उभे काय राह्यले? पाहुण्यायले चहा नाई का?"

त्या दिवशी नियाजनं मळ्यात तीन वेळा चहा घेतला. शिव्या राहिलेल्या होत्या, त्याही माणिकबाईनं चहाबरोबर देऊन टाकल्या. नियाजला त्या बापजन्मात कधी इतक्या गोड लागल्या नव्हत्या.

सोमवारी सगळे कोर्टात गेले. रागिणीताईंनी पुरसिस लिहिली होती, म्हणजे देणं पूर्ण वसूल झालं, आता काही बाकी नाही, असं देवीदासनं कोर्टाला लेखी कळवणं. नुसते पैसे दिले नि कोर्टाला कळवलं नाही तर कोर्टाच्या लेखी ते दिलेच नाहीत, असं ताईंनी बजावलं होतं. साहेबांकडून पुकारा व्हायला वेळ होता, म्हणून देवीदास आणि नियाज व्हरांड्यात एकाच कागदावर दोन आलूबोंडे घेऊन बसले. कारकून बाहेर येऊन ओरडला, "देवीदास माळी विरुद्ध शेख नियाज! दोन्ही पार्ट्या कुठं आहेत?" दोघांनी भरल्या तोंडानं हात वर केले. कारकुनाचा काही विश्वास बसेना. त्यानं दोघांची आधारकार्डं दोनदा पाहिली.

अकोल्यात फुरकानला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "एका दिवसानं! दुल्हेभाई, फक्त एका दिवसानं!" सईदानं मात्र फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता दारावर कोनी टकटक केलं, त आपण नुसतं उघडायचं?" आणि हसत सुटली. त्याच आठवड्यात तिनं सामान बांधायला घेतलं. तीन पायांचा पलंग तिनं भंगारवाल्याला दिला.

आणि बुधवार उजाडला. दुपारच्या निकाहाचे दोन सेहरे द्यायचे होते, आणि नियाजच्या खिशात चारशे रुपये होते. बांगडी गेली, बँकेतले गेले, सगळं देऊन उरलं ते एवढंच. तो टोपली घेऊन निघाला आणि पायाच्या सवयीनं मागच्या बोळाकडं वळला. मग थांबला, स्वतःलाच एक शिवी हासडली, आणि फूलबाजाराच्या गल्लीत समोरून शिरला.

गल्ली गजबजलेली. झेंडूच्या राशी, ओल्या गोणपाटांचा वास, भावाचा आरडाओरडा. एकेक माळी त्याच्याकडं पाहू लागला. गोपाल माळ्यानं हातातला तराजू तसाच धरून ठेवला. नियाज देवीदासच्या गोणपाटावर मांडलेल्या फडीपाशी गेला.

"भाऊ, चारशेचे गुलाब द्या."

देवीदासनं टोपली ओढून घेतली आणि भरू लागला. गुलाब भरले, त्यावर शेवंती भरली, वर निशिगंधाच्या दोन जुड्या खोचल्या.

"भाऊ, चारशेच हायेत माह्यापाशी."

"ठेव ते खिशात," देवीदास म्हणाला, आणि मग मुद्दाम, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "पैसे सांजले दे!"

तराजू खाली ठेवून गोपाल माळी पलीकडून म्हणाला, "अन् पान नाई लागत का सेहऱ्याले? हे घेऊन जा. सांजले दे." आणि त्याच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "जरा मोगराबी हाय, काचघरातला. महाग हाय. सांजले दे." माणिकबाई गोणपाटावरून ओरडली, "समदे देऊन राह्यले, पण सांगून ठेवा त्याले, फोन उचलजो म्हणा!" सगळा बाजार खदखदून हसला. नियाजही हसला. बारा वर्षांनी कुणी त्याला भरलेली टोपली हातात दिली होती, आणि तिचं वजन त्याला पेलवेना.

बापलेकीनं दुकानात बसून सेहरे गुंफले. अलीझाच्या एका हातातली बांगडी सुई ओढताना दर टाक्याला वाजत होती. नवरदेवाचा बाप अकराला आला, सेहरे पाहून "निखतआपाचाच हात" म्हणाला आणि पैसे मोजून गेला. नियाजनं शटर तसंच उघडं टाकलं, अनवाणीच निघाला आणि धावत गल्लीत आला. बाजार उठला होता. गोणपाटं गुंडाळली जात होती, माणिकबाई सावलीत बसून भाकर खात होती. गोपालचे आणि म्हातारीचे चुकते करून तो तिच्यापाशी आला.

"सांजले म्हणलं होतं ना?" ती म्हणाली. "भर दुपारी काहून आला?"

"राहावलं नाई, वहिनी."

तिनं उष्टा हात पदराला पुसला आणि पैसे घेतले. हिशेबाची एवढी पक्की बाई, पण नोटा न मोजताच तिनं कमरेच्या पिशवीत टाकल्या.

"उद्या गुलाब कमी हाय," ती म्हणाली. "लवकर येजो."